मागच्या बिछान्याची घंटा

लेम्पी आजीने आधीच्या चार गिऱ्हाइकांना कोठाराच्या दारातूनच वाटेला लावलं होतं. एकाने आत शिरल्या शिरल्या किंमत पाडायला सुरुवात केली, एकाचं हसणं तिला पटलं नाही, आणि उरलेल्या दोघांचं काय चुकलं ते त्यांनाही कळलं नाही. काइसा आणि वेसच्या कानावर हे गावातच आलं होतं. त्यामुळे पाचवं गिऱ्हाईक म्हणून सरोवराच्या काठाकाठाने तिच्या वाडीवर जाताना काइसाने दोनदा विचारलं, "बूट पुसलेस ना?"

"पुसले. दातही घासले. आजी गाडी विकतेय, नात नाही," वेस म्हणाला.

आजी कोठाराच्या दारातच उभी होती. ऐंशीच्या घरातली, ताठ, अंगाला सौनाच्या वाफघरात जळणाऱ्या लाकडाच्या धुराचा वास. तिने वेसला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"करतोस काय?"

"पवनचक्क्या दुरुस्त करतो, आजी. तीन आठवडे बाहेर, एक आठवडा घरी."

"म्हणजे नवरा फक्त फोटोत."

काइसाला हसू फुटलं. "म्हणून तर गाडी हवीय आजी. हा जाईल तिथे आम्ही दोघी मागे. हिने परवा बापाला ओळखलंच नाही, रडायला लागली."

'ही' म्हणजे टिल्डा. अकरा महिन्यांची, आईच्या छातीशी बांधलेल्या झोळीत गाढ झोपलेली. बोलता बोलता काइसाचा हात सवयीने वर गेला आणि तर्जनी टिल्डाच्या नाकाखाली जाऊन थांबली. श्वास लागला, कोमट, ओलसर. बोट खाली आलं. थोड्या वेळाने पुन्हा वर गेलं.

"झालं का सुरू?" वेस हळूच पुटपुटला.

काइसाने हात खिशात घातला. टिल्डा जन्मल्यापासून तिला हे लागलं होतं. दिवसातून शंभर वेळा ती पोरीचा श्वास तपासायची. डॉक्टर म्हणाली, पहिलटकरणींना होतं असं, जाईल. तिची आई म्हणाली, माणसाने इतकं घाबरू नये, ज्याला घाबरावं तेच दारात येतं. वेस आधी हसायचा, मग चिडायला लागला, आणि आता दोघांत ठरलं होतं: गाडी तयार झाली, तिघं एकत्र राहायला लागली, की हे बोट बंद. काइसाने शब्द दिला होता. तो पाळायचाही होता, कारण स्वतःच्या मनाचा भरवसा उडालेल्या बाईसारखं जगणं तिला नको झालं होतं.

लेम्पी आजी त्या खिशातल्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने कोठाराचं दार पुरतं उघडलं.

त्र्याहत्तर सालची मोटरहोम. सायीच्या रंगाची, कडेने नारिंगी पट्टा, चाकांतली हवा गेलेली, ओझं उतरवून बसलेल्या जनावरासारखी. त्रेचाळीस वर्षं ती तिथून हलली नव्हती. आत कोळिष्टकं असतील, उंदरांनी गाद्यांचा भुगा केला असेल, म्हणून काइसाने टिल्डाच्या तोंडावर फडकं धरलं. पण आत लेंडी नव्हती, जाळं नव्हतं. कोठारात सगळीकडे उंदरांच्या वाटा होत्या. गाडीच्या पायरीपाशी येऊन त्या वळल्या होत्या.

पुढे दोन खुर्च्या, मग गॅसची शेगडी, गॅसवरच चालणारा बुटका फ्रीज, आणि अगदी मागे, जमिनीलगत, लहान मुलाचा बिछाना. झोपेत पडू नये म्हणून चारी बाजूंनी फळ्या ठोकून तो खोलगट केला होता. वर पडदा. निळ्या पांघरुणाची एक कड अशी उलटलेली, की कुणी नुकतंच पाय बाहेर काढून उठलं असावं. उशाशी एक दोरी लोंबत होती. ती छताच्या बारक्या कड्यांतून ओवत पार ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत गेली होती. तिथे पितळेची छोटी घंटा.

"हे काय?" वेसने विचारलं.

"माझ्या नवऱ्याने केलंय. रेइनोने. तेव्हा पोरं मागे लोळतच प्रवास करायची, आणि इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नसे." आजीने घंटेला हात लावला नाही. "एक सांगते. रेइनोने या गाडीत जे जे केलंय, ते तसंच राहू द्यायचं. कबूल असेल तर न्या."

"कबूल," वेस म्हणाला. म्हाताऱ्या माणसांना आपण म्हणतो तसं.

अंगणात गाडी आली आणि उन्हाळा तिच्यातच गेला. वेस घरी असला की छतावर चढायचा, नसला की काइसा एकटी लागायची. जुन्या गाडीचा खरा शत्रू पाणी. खिडक्यांच्या कडेची पट्टी उचकटली की आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं बोटाला लागायचं. ते खरवडायचं, नवी फळी बसवायची, खिडकीभोवती काळी चिकट पट्टी दाबायची, मग पुढची खिडकी. टिल्डा गवतावर टाकलेल्या गोधडीवर बसून लाकडाचे तुकडे चाखायची.

घंटा पहिल्यांदा वाजली ती अशाच एका सकाळी. वेस कामावर होता. काइसा बाहेरून खिडकी घासत होती, आणि आतून आवाज आला. एकच. टण्.

ती आत गेली. दोरी डुलत होती. वारा असेल, म्हणून तिने खिडक्यांकडे पाहिलं; त्या तर तिने आदल्याच दिवशी पक्क्या बंद केल्या होत्या. टिल्डाचं पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलेलं तिला आठवत होतं. ते मागच्या बिछान्यात सापडलं. रिकामं.

संध्याकाळी फोनवर तिने वेसला सांगितलं.

"तूच ठेवलं असशील गं."

"मी भरून ठेवलं होतं."

"काइसा." तो थांबला. "नीट झोपतेयस ना?"

त्यानंतर तिने त्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने कात्री घेतली आणि ती दोरी कापून टाकली. भुताखेताचा विचार करून नव्हे. टिल्डा आता धरून उभी राहायला लागली होती. लोंबती दोरी, पोरीचा गळा... आजीला दिलेला शब्द आठवला, पण पोरीच्या गळ्यापुढे तो कुठे टिकणार? घंटाही तिने काढली, वेसच्या लोकरी मोज्यात गाठ मारून बांधली आणि कॉफीच्या डब्यात घालून डबा शेडमधल्या फळीवर ठेवला.

त्यानंतर काही दिवस शांततेत गेले. मग एकदा दुपारी ती गाडीत बसून पडद्यांचं कापड मोजत असताना छताकडून आवाज आला. सर्रर्र. रिकाम्या कड्यांतून दोरी ओढल्यासारखा. वर काहीच नव्हतं. टिल्डा मांडीवर होती. तिने मान वर केली आणि तिची नजर मागच्या बिछान्यापासून हळूहळू सरकत ड्रायव्हरच्या खुर्चीपर्यंत गेली. तिथे पोचल्यावर ती थांबली, आणि वाट पाहत असल्यासारखी आईकडे वळली.

काइसाने कापड खाली टाकलं. आपल्याला वेड लागतंय, ती मनात म्हणाली. वेस बरोबर बोलतो.

सप्टेंबर उजाडला की त्या भागात माणसं घराभोवती ओणवी फिरतात. बर्फ पडायच्या आत उंदरांची भोकं शोधायची, त्यांत भांडी घासायच्या तारेचे गोळे कोंबायचे, वरून डब्यातला, फुगून घट्ट होणारा फेस मारून ते बुजवायचं. आजे-पणजे करत आले, लेकी-सुना करतात. काइसाही विजेरी घेऊन गाडीच्या तळाशी पालथी झाली. पाइपांच्या कडेची सहा भोकं बुजवली. सातवं मागच्या बिछान्याच्या पोटात सापडलं, गादीखालच्या पट्ट्यांच्या आड. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, वर बारीक जाळी. तिने त्यावर हात धरला तर खालून गार झुळूक आली.

ते भोक इतर भोकांसारखं नव्हतं. कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या, त्यांना तेल पाजलेलं होतं. उंदराच्या भोकाला कोण तेल पाजतो, हे क्षणभर तिच्या मनात आलं. पण त्याच बिछान्यात तिची पोर झोपणार होती, ती झुळूक तिच्या पाठीला लागणार होती. तिने जाळी उचकटली, तार कोंबली आणि फेस मारला. फेस फुगून घट्ट झाला. तिने दाबून पाहिलं. वाऱ्याचा मागमूस नाही. तिला फार बरं वाटलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी गाडी तयार झाली. वेस सकाळीच गावात जाऊन गाडीच्या पोटातली जुनी टाकी गॅसने भरून आला. नवी टाकी बसवायचा विचार दोघांनी केला होता, पण जुनीला कुठे भोक नव्हतं, नुसता आतून गंज असेल. त्याने झडप उघडली, शेगडीच्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. फ्रीजच्या मागचा जोड फळीआड होता. ती फळी पुन्हा कोण उचकटणार? त्याने वाकून लांब श्वास घेतला.

"वास येतोय तुला?"

"नाही," काइसा म्हणाली.

"मग झालं. तासाभराने गाडीतली पहिली कॉफी. इथे, आत. तू तो पाव आण."

तिने पहाटेच वेलची घालून वेणीचा पाव भाजला होता. तो घरातून आणायला, कपबशा धुवायला, टिल्डाला भरवायला तास कसाच गेला. बाहेर हवा गारठली होती म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. खिडक्या घट्ट बसल्या होत्या. इतकी निवांत शांतता काइसाने त्या गाडीत कधी ऐकली नव्हती. टिल्डाचे डोळे मिटायला लागले तेव्हा तिने तिला मागच्या बिछान्यात ठेवलं. पहिल्यांदाच. निळं पांघरूण तिने धुऊन तेच घातलं होतं. पडदा अर्धा ओढला.

वेस शेगडीवर किटली मांडत होता. "काइसाबाई, आता शब्द पाळायचा. कॉफी पिऊन होईपर्यंत एकदाही उठायचं नाही. बोट खिशात."

"बरं."

"बरं नाही, नक्की म्हण."

"नक्की. पण तूही शब्द दे. त्या पवनचक्कीवरून रोज खाली यायचं."

"रोज. ती खाली ढकलूनच देते."

ती हसली. दोन्ही हात मांडीखाली घालून बसली. बराच वेळ तशीच बसून राहिली. तिला अभिमान वाटायला लागला होता.

टण्.

हात मांडीखालीच राहिले. नाही, ती स्वतःला म्हणाली. घंटा शेडमध्ये आहे. मोज्यात आहे. मी स्वतः ठेवलीय.

टण्.

ड्रायव्हरच्या खुर्चीच्या वर, जिथे आता फक्त एक रिकामा खिळा होता, तिथून आवाज आला. वेस काड्यांच्या पेटीसाठी खण चाळत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"वेस, तुला..."

"काय?"

ती काय सांगणार होती? पुन्हा तेच? त्याचा चेहरा पुन्हा तसा होईल, दमलेला, प्रेमळ, घाबरलेला. आजच्या दिवशी तरी नको. तिने ओठ मिटले. खणात पेटी खुळखुळली. त्याला ती सापडली होती.

टण्.

ही तिसरी घंटा नुसती वाजली नाही. कुणीतरी दोन्ही हातांनी दोरी ओढावी तशी ती तिच्या छातीत वाजली. काइसा उठली. कसला शब्द, कसला अभिमान. मागे धावली, पडदा बाजूला केला, गुडघ्यांवर बसली आणि त्या खोलगट पेटीत हात घातला. तळाशी हवा वेगळीच लागली, जड आणि गार, पाण्यासारखी. टिल्डाच्या नाकाखाली बोट धरलं.

काही लागलं नाही.

पुन्हा धरलं. फार उशिराने, फार बारीक, काहीतरी लागलं.

"वेस, गॅस! काडी ओढू नको!"

"अगं नुसती शेग..."

"काडी ओढू नको! बाहेर हो! बाहेर!"

त्याच्या एका हातात काडी होती, दुसऱ्यात पेटी, दोन्हींत बोटभर अंतर. तो नंतर कितीतरी दिवस ते बोटभर अंतर कुणालाही दाखवत राहिला. तिने पोर उचलली. मान एका बाजूला लोंबली, ओठ जांभळट. दार लाथेने उघडून ती गवतावर पडलीच. गार हवा टिल्डाच्या तोंडावर गेली. एक, दोन, तीन... काइसा काय मोजत होती तिलाही माहीत नव्हतं. मग पोरीने ठसका दिला, तोंड वेंगाडलं आणि असा टाहो फोडला की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

त्या रडण्याएवढं गोड काही काइसाने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, मग म्हणाले, घेऊन जा, ठीक आहे. अग्निशमन दलाच्या माणसाने फ्रीजमागची फळी काढली. जोडावर साबणाचं पाणी टाकल्याबरोबर बुडबुडे मोत्यांसारखे उठले. "गॅसला स्वतःचा वास नसतो," तो म्हणाला. "कळावं म्हणून वास मुद्दाम घालतात. पण टाकी आतून गंजली असली की गंज तो वास खाऊन टाकतो. आणि हा गॅस हवेपेक्षा जड. खाली उतरतो, खोलगट जागा शोधून साचतो. निघून जायला तळात एखादं भोक असतं तर..." त्याने बिछान्याखाली विजेरी मारली. पिवळ्या फेसाचा फुगवटा चमकला. "अरे, होतं की. हे कुणी बुजवलं?"

वेसने काइसाचा हात धरला.

शेडमधला डबा तिने त्याच्यादेखत उघडला. मोज्याची गाठ जशी मारली होती तशीच होती.

"मी घंटा ऐकली नाही, काइसा," वेस म्हणाला. "खरं सांगतो. मी तुला ऐकलं."

रविवारी ती टिल्डाला घेऊन लेम्पी आजीकडे गेली. आजीने कॉफी ओतली. काइसाने घंटा टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं: दोरी कापली ते, भोक बुजवलं ते.

"कितीदा वाजली?" आजीने एवढंच विचारलं.

"तीनदा."

आजीने किटली खाली ठेवली. "आमची सिल्वी सहा वर्षांची होती. बापलेकींनी ठरवलं होतं: एकदा वाजली तर पाणी. दोनदा वाजली तर शू. तीनदा वाजली तर आत्ताच्या आत्ता या. शहात्तरच्या जुलैत सरोवरावर गेलो होतो. दुपारी तिला आत निजवलं, आम्ही दोघं बाहेर कॉफी पीत बसलो. तीनदा वाजली. रेइनो उठत होता. मी म्हटलं, बैस, तिला झोपायचं नाही म्हणून चाळे चाललेत तिचे."

चुलीत लाकूड तडकलं.

"गॅसच होता. टाकी आम्ही त्याच उन्हाळ्यात नवी कोरी बसवली होती. कोरं लोखंडही वास पितं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिला पुरून आलो, आणि त्याच संध्याकाळी रेइनो ड्रिल घेऊन गाडीत शिरला. ते भोक पाडलं. मग वर्षानुवर्षं कोठारात जाऊन कडा घासत बसायचा. तेल लावायचा."

"आजी, तुम्ही मला हे आधी का नाही..."

"आठवडाभर तोंडात शब्द जुळवत होते. तू आलीस तेव्हा निघालेच नाहीत. त्रेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही गं, रेइनोशीही मी त्या 'बैस'बद्दल कधी बोलले नाही. त्याने ऐकलं होतं, पण त्यानेही विषय काढला नाही." तिने पहिल्यांदाच टिल्डाच्या गालाला बोट लावलं. "चार माणसं आली आधी. चांगली होती बिचारी. पण त्यांच्यातलं कुणी उठलं नसतं. तू झोळीतल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरलंस, पुन्हा धरलंस, नवरा टोकेपर्यंत. मला वाटलं, ही उठेल."

काइसाचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत त्या बोटाबद्दल कुणी असं बोललं नव्हतं.

"तिसऱ्यानंतर वाजली का?" आजीने अचानक विचारलं.

"नाही. मी उठले आणि थांबली."

"थांबली," आजी म्हणाली. "आमच्या वेळी थांबली नव्हती. तिला बाहेर काढून गवतावर ठेवलं, तरी आत वाजतच होती. अंधार पडेपर्यंत."

बर्फ पडायच्या आत नवी टाकी आली, फेस खरवडून भोक मोकळं झालं, गॅस हुंगणारा डबा भिंतीवर खालच्या बाजूला बसला. टिल्डाचा बिछाना वेसने वर, उंचावर केला. खालचा तसाच राहिला. रिकामा, निळं पांघरूण घातलेला. घंटा काइसाने पुन्हा खिळ्याला अडकवली, बिनदोरीची.

पहिल्या प्रवासाला निघाले तेव्हा वेस गाडी चालवत होता, टिल्डा मधल्या सीटवर पट्ट्यांत बांधलेली, झोपलेली. काइसाने बोट तिच्या नाकाखाली धरलं. वेसने आरशातून पाहिलं.

"आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे."

"तासाभराने पुन्हा बघ," तो म्हणाला आणि रस्त्याकडे पाहू लागला.

सरोवर झाडांआड गेलं. गाडी एका लयीत हलत होती, आणि त्या लयीतच, डोक्यावर, घंटा वाजली. एकदाच.

वेसने काही ऐकलं नव्हतं. काइसा तोल सावरत उठली. टिल्डाचा छोटा पेला तिने पाण्याने भरला, सांडू नये म्हणून तळहाताने झाकून मागे नेला, आणि खालच्या बिछान्याच्या फळीवर ठेवला. पडदा तिने अर्धाच ओढला.